मनोऱ्यातील जागा आणि ताटातील घास

१. उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यावर आपणांस –

• मनोरा रचणाऱ्या खेळांत शरीराच्या आकारमानानुसार जागा कशी ठरते, हे सांगता येईल.
• आहारविकार, उपवास आणि दारिद्र्यातून आलेली उपासमार यांतील भेद स्पष्ट करता येईल.
• अपुऱ्या आहाराचा परिणाम एका खेळाडूपुरता न राहता संपूर्ण मनोऱ्यावर कसा होतो, याचे विवेचन करता येईल.
• खाणे आणि शरीर यांविषयीची आपली रोजची भाषा आजार झाकते कशी व उघड करते कशी, हे उदाहरणांनी दाखवता येईल.

२. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, दहीहंडीचा मनोरा उभा राहत असताना पाहणाऱ्यांची नजर हंडीकडे असते. पायाशी खांद्याला खांदा लावून उभी असलेली माणसे कोणती, मधल्या थरांत कोण आहेत आणि सर्वांत वर चढणाऱ्याची निवड कशावरून झाली, हे प्रश्न त्या वेळी मनात येत नाहीत. तरीही मनोऱ्यात कोणाची जागा कोणती, याचा निर्णय फार आधी, सरावाच्या काळात झालेला असतो. त्या निर्णयात कौशल्य, धाडस आणि परस्परविश्वास यांच्याबरोबर आणखी एक गोष्ट असते, ती म्हणजे शरीराचे वजन.

वजनावरून जागा ठरू लागली की जागा टिकवण्यासाठी वजन टिकवावे लागते. येथेच खेळाचा आहाराशी, आणि कधीकधी आहारविकाराशी संबंध येतो. स्पर्धात्मक चिअरलीडिंग या खेळाच्या संदर्भात या संबंधाचा अभ्यास झाला आहे. तो खेळ आपल्याकडे फारसा रुजलेला नाही. मात्र त्याच्या रचनेशी मिळतेजुळते खेळ महाराष्ट्रात आहेत. म्हणून या घटकात आपण चिअरलीडिंगपासून सुरुवात करून दहीहंडी व मल्लखांबापर्यंत येणार आहोत.

३. विषय-विवेचन

३.१ चिअरलीडिंग : गैरसमज आणि वस्तुस्थिती

२००८ साली इंडियन प्रीमियर लीगचे सामने सुरू झाले, तेव्हा ‘चिअरलीडर’ हा शब्द आपल्या घराघरांत पोहोचला. त्यामुळे सीमारेषेबाहेर नाचणाऱ्या तरुणी, एवढाच त्याचा अर्थ आपल्या मनात पक्का झाला. मूळ परंपरा याहून वेगळी आहे. १८९८ साली अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात जॉनी कॅम्पबेल या विद्यार्थ्याने फुटबॉलच्या सामन्यात प्रेक्षकांकडून एकसुरात घोषणा म्हणवून घेतल्या. ही या प्रथेची सुरुवात मानली जाते. आरंभी हे काम पुरुषांचेच होते. पुढे स्त्रिया त्यात आल्या, घोषणांना कसरतींची जोड मिळाली आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यातून स्वतंत्र स्पर्धात्मक खेळ आकाराला आला. २०२१ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने या खेळाच्या जागतिक संघटनेला पूर्ण मान्यता दिली.

या खेळातील कसरतींना ‘स्टंट’ म्हणतात. त्यांत तीन जागा महत्त्वाच्या असतात. खालून उचलून धरणारे ते ‘बेस’. मागे उभे राहून तोल सांभाळणारा आणि पडणाऱ्याचे डोके व मान वाचवणारा तो ‘बॅक स्पॉट’. हातांवर उभी राहणारी किंवा हवेत फेकली जाणारी ती ‘फ्लायर’. प्रेक्षकांचे लक्ष फ्लायरवर असते, छायाचित्र तिचे निघते. त्यामुळे ती जागा प्रतिष्ठेची ठरते. ती मिळण्यासाठी लहान चण हा मोठा निकष समजला जातो.

३.२ आपल्याकडील मनोरे

गोविंदा पथकाची रचना याहून फार वेगळी नाही. पायाला भक्कम बांध्याची माणसे, त्यांच्यावर चढत्या क्रमाने हलकी माणसे आणि शेंड्याला सर्वांत हलका गडी. पथकांच्या बोलीत या एकट्याला ‘एक्का’ म्हणतात. अनेक पथकांचा सराव गुरुपौर्णिमेपासून सुरू होतो. २०१२ साली जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने ठाण्यात नऊ थर लावून १३.३४ मीटर उंचीचा मनोरा उभारला आणि त्याची नोंद गिनेस बुकात झाली. स्त्रियांची स्वतंत्र पथकेही आता वर्षानुवर्षे थर लावत आहेत. २०२२ साली राज्य शासनाने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा दिला आणि पुढच्याच वर्षी तिच्या व्यावसायिक धर्तीच्या स्पर्धा सुरू झाल्या. गल्लीतला उत्सव अशा रीतीने क्रीडास्पर्धेच्या चौकटीत आला.

मल्लखांबाची गोष्टही पाहण्याजोगी आहे. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळात बाळंभट्टदादा देवधर यांनी या विद्येला नवे रूप दिले. तेथून ती महाराष्ट्रभरच्या आखाड्यांत आणि व्यायामशाळांत पसरली. नाशिकच्या व्यायामशाळांतही तिची परंपरा आहे. एरवी मल्लखांबपटू एकटा आपले कसब दाखवतो. सामूहिक प्रात्यक्षिकांत मात्र खांबाभोवती मनोरे रचले जातात आणि तेथेही ‘खाली कोण, वर कोण’ हा प्रश्न येतोच.

या सर्व खेळांत हलके शरीर वर जाते, यात मुळात वावगे काही नाही. भार पेलण्याचे शास्त्रच तसे आहे. अडचण येते ती ‘आहे त्या शरीराला योग्य जागा’ हा क्रम उलटून ‘हव्या त्या जागेसाठी योग्य शरीर’ असा होतो तेव्हा.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
चिअरलीडिंगमधील तीन जागा आणि दहीहंडीतील थर यांची तुलना आपल्या शब्दांत करा.

३.३ आहारविकार म्हणजे काय?

खाणे, वजन आणि शरीराचा आकार यांविषयीचे विचार मनाचा ताबा घेतात व त्यामुळे खाण्याची रीतच बिघडते, अशा मानसिक आजारांना आहारविकार म्हणतात. त्यांचे तीन प्रकार मुख्य आहेत. ‘अ‍ॅनोरेक्सिया’त व्यक्ती खाणे अतिशय कमी करते आणि वजन धोकादायक पातळीपर्यंत उतरले तरी वजन वाढण्याची भीती तिला सोडत नाही. ‘बुलिमिया’त थोड्या वेळात खूप खाल्ले जाते आणि नंतर ते उलटी, रेचके किंवा अतिव्यायाम यांद्वारे ‘फेडले’ जाते. तिसऱ्या प्रकारात अनावर खाणे असते. मात्र त्यानंतरची ही फेड नसते. ब्रिटिश वैद्य विल्यम गल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकात अ‍ॅनोरेक्सियाला त्याचे आजचे नाव दिले. बुलिमियाचे वर्णन जेराल्ड रसेल यांनी १९७९ साली केले.

‘अ‍ॅनोरेक्सिया’ या ग्रीक मूळ असलेल्या शब्दाचा अर्थ ‘भूक नसणे’ असा आहे. हे नाव फसवे आहे. या रुग्णांची भूक सहसा मेलेली नसते. ते तिच्याशी झगडत असतात. मानसिक आजारांपैकी ज्यांत मृत्यूचे प्रमाण सर्वाधिक आढळते, अशा आजारांत अ‍ॅनोरेक्सियाची गणना होते. अमेरिकेची जिम्नॅस्ट क्रिस्टी हेनरिक हिचा १९९४ साली वयाच्या बाविसाव्या वर्षी याच आजाराच्या परिणामांनी मृत्यू झाला. त्यानंतर जिम्नॅस्टिक्सच्या क्षेत्रात या प्रश्नाची उघड चर्चा होऊ लागली.

चिअरलीडिंगविषयी २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात महाविद्यालयीन चिअरलीडरपैकी सुमारे एकतृतीयांश मुलींना आहारविकाराचा धोका असल्याचे दिसले. पोट उघडे राहणाऱ्या गणवेशाच्या संदर्भात त्यांची स्वतःच्या शरीराविषयीची नाराजी सर्वाधिक होती. येथे ‘धोका असणे’ आणि ‘आजार असणे’ यांत फरक करावा. धोका म्हणजे निदान नव्हे. परंतु जागा, गणवेश आणि प्रेक्षकांची नजर या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की मन कोणत्या दिशेला ढकलले जाते, याची कल्पना त्यावरून येते.

३.४ उपाशी शरीर आणि उपाशी मन

अपुऱ्या आहाराने शरीर झिजते हे सर्वांना ठाऊक आहे. त्याने मनही बदलते, हे मात्र सहसा लक्षात घेतले जात नाही. योगायोग असा की, ज्या मिनेसोटा विद्यापीठात चिअरलीडिंगचा उगम झाला, तेथेच १९४४–४५ मध्ये अ‍ॅन्सेल कीज या शास्त्रज्ञाने उपासमारीवरील प्रसिद्ध प्रयोग केला. छत्तीस निरोगी तरुण स्वेच्छेने त्यात सहभागी झाले. सुमारे सहा महिने त्यांना अर्धपोटी ठेवण्यात आले आणि त्यांचे वजन जवळपास एकचतुर्थांशाने घटले. त्यांपैकी कोणालाही आधी आहारविकार नव्हता. तरीही ते दिवसभर अन्नाचाच विचार करू लागले, पाककृतींची पुस्तके वाचू लागले, घास तासन्‌तास चघळू लागले, चिडचिडे व उदास झाले आणि मित्रांपासून तुटले. ज्याला आपण ‘स्वभाव बदलला’ म्हणतो, त्यातील पुष्कळसा भाग उपाशी मेंदूची अवस्था असू शकतो, हे या प्रयोगाने दाखवून दिले.

खेळाडूच्या बाबतीत हा हिशेब घरखर्चाच्या दाखल्याने समजून घेता येईल. अन्नातून येणारी ऊर्जा ही मिळकत. सरावाचा खर्च त्यातून आधी वजा होतो, कारण तो टाळता येत नाही. उरलेल्या शिलकीत शरीराला हृदय, मेंदू, हाडे, रोगप्रतिकार आणि पाळी ही सर्व कामे चालवायची असतात. शिलक कमी पडली की शरीर काटकसर करते. जगण्यासाठी तातडीची नसलेली कामे आधी मंदावतात. पाळी अनियमित होते किंवा थांबते, हाडांची डागडुजी रेंगाळते, अंग सतत गार राहते, जखमा उशिरा भरतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ साली या अवस्थेचे एकत्रित वर्णन केले. तिला मराठीत आपण ‘क्रीडेतील सापेक्ष ऊर्जा-न्यूनता’ म्हणू. ही अवस्था मुलग्यांतही उद्भवते.

अशी न्यूनता आहारविकाराशिवायही येऊ शकते. नाशिक जिल्ह्याला लांब पल्ल्याच्या धावण्याची मोठी परंपरा आहे. सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरच्या शर्यतीत कांस्यपदक मिळवले. त्या वाटेने जाऊ पाहणाऱ्या पेठ, सुरगाणा वा त्र्यंबकेश्वर तालुक्यांतील एखाद्या मुलीच्या ताटात सरावाला पुरेसे अन्नच नसेल, तर तिची ऊर्जा-न्यूनता गरिबीची आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला, हेही येथे ध्यानात ठेवावे. एकीला अन्न मिळत नाही, दुसरीला समोरचे अन्न घेववत नाही. शरीरावरचा परिणाम सारखा दिसला, तरी उपाय वेगळा करावा लागतो.

३.५ भूक एकाची, पडणे सर्वांचे

‘वरचा जितका हलका, तितका मनोरा भक्कम’ ही समजूत अर्धीच खरी आहे. मनोऱ्यावरचा माणूस खालच्यांना किती जड वाटतो, हे वजनाबरोबरच त्याच्या शरीराच्या ताठपणावर अवलंबून असते. झोपलेले मूल उचलताना जागेपणीपेक्षा जड वाटते, हा अनुभव प्रत्येक आईला असतो. पोट, पाठ आणि मांड्यांचे स्नायू आवळलेले असले की भार सरळ रेषेत खाली उतरतो. ते सैल पडले की तोच भार डोलू लागतो आणि खालच्या खांद्यांना त्याचा झोला सावरावा लागतो. उपाशी खेळाडूचे स्नायू लवकर थकतात. त्याला घेरी येते, त्याचे लक्ष विचलित होते, सूचना ऐकून कृती करण्यास क्षणभराचा उशीर लागतो. पाच-सहा थरांच्या उंचीवर तेवढा क्षण पुरेसा असतो.

पायातील माणसांनाही हाच नियम लागू आहे. ‘तू जाड, तू खालीच’ असे वारंवार ऐकणारी मुलगी फ्लायर होण्याच्या आशेने जेवण तोडू लागली, तर वरच्याचा आधारच कच्चा होतो. आहारविकार केवळ शेंड्यावरच्या जागेचा प्रश्न आहे, असे समजणे त्यामुळे चुकीचे ठरेल. तो जागांच्या उतरंडीचा प्रश्न आहे. जागा टिकवण्यासाठी राखलेली भूक अखेर ती जागाच डळमळीत करते.

३.६ वयाची अट आणि वाढते शरीर

दहीहंडीतील अपघातांमुळे मुलांच्या सहभागाचा प्रश्न न्यायालयात गेला. २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाने अठरा वर्षांखालील मुलांना मज्जाव केला होता. पुढे २०१७ साली चौदा वर्षांखालील मुलांना मनोऱ्यात घेणार नाही, ही राज्य शासनाची हमी न्यायालयाने स्वीकारली. लहान मुलांचे जीव वाचवणारी ही अट आवश्यकच आहे.

तिच्या एका परिणामाचा मात्र वेगळा विचार करायला हवा. शेंड्यावरचे शरीर हलकेच हवे, पण ते चौदा वर्षांपुढचे हवे, असा दुहेरी निकष आता तयार झाला. चौदा ते अठरा हे शरीर झपाट्याने वाढण्याचे वय आहे. मुलींच्या शरीरात या काळात चरबीचे प्रमाण नैसर्गिकपणे वाढते आणि मुलांची उंची व स्नायू वाढतात. आहारविकारांची सुरुवातही बहुधा याच काळात होते. दोन-तीन वर्षे एक्का म्हणून मिरवलेल्या मुलाला किंवा मुलीला एके दिवशी ‘आता तू मोठी झालीस, खाली ये’ असे सांगितले जाते. घरी जिचे कौतुक होते ती वाढ मैदानावर तोटा ठरते. त्या वयाचे मन यातून आपणच चुकलो, असा अर्थ काढू शकते. चौदा वर्षांची अट पडण्यापासून वाचवते. वाढण्याच्या भीतीपासून वाचवण्याचे काम पथकाला, शाळेला आणि घरालाच करावे लागते.

३.७ आजार झाकणारी भाषा

मराठीच्या विद्यार्थ्यांनी या प्रश्नाकडे भाषेच्या अंगानेही पाहावे. ‘वजन’ हा शब्द घ्या. ‘त्यांच्या शब्दाला वजन आहे’ असे म्हणताना तो मान दर्शवतो. ‘हिचे वजन वाढले’ असे म्हणताना दोष दर्शवतो. ‘शिडशिडीत’, ‘सडपातळ’, ‘किडकिडीत’ आणि ‘हडकुळी’ हे चारही शब्द कृश शरीराचे वर्णन करतात. पहिल्या दोहोंत पसंती आहे, पुढच्या दोहोंत नापसंती. एकाच मुलीला काही महिन्यांच्या अंतराने हे चारही शब्द ऐकावे लागू शकतात आणि आजार कोठे सुरू झाला, हे कोणाच्याच ध्यानात येत नाही.

‘उपवास’ हा शब्द तर विशेष लक्षपूर्वक पाहावा. जन्माष्टमीला उपवास असतो आणि दुसऱ्या दिवशी गोपाळकाला. व्रतस्थ उपवासाला तिथी असते, हेतू असतो आणि मुख्य म्हणजे पारणे असते. आहारविकाराला पारणे नसते. मात्र आपल्या समाजात न खाण्याला पुण्याचे वलय असल्यामुळे ‘आज माझा उपास आहे’ या वाक्यामागे आजार सहज लपू शकतो. सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थी अशी उपासांची यादी अचानक वाढू लागली, तर श्रद्धेचा अनादर न करता चौकशी करावी.

मराठी वाक्यरचनाही एक फरक नेमका टिपते. ‘मी जेवत नाही’ या वाक्यात ‘मी’ कर्ता आहे. निर्णय त्याचा आहे. ‘मला जेवण जात नाही’ या वाक्यात ‘जेवण’ कर्तास्थानी येते आणि ‘मी’ केवळ अनुभव घेणारा उरतो. आहारविकाराची वाटचाल बहुधा पहिल्या वाक्याकडून दुसऱ्याकडे होते. सुरुवातीला जे ठरवून केले जाते, ते पुढे स्वतःच्या हाती राहत नाही. म्हणून ‘नखरे सोड आणि जेव’ हा उपदेश निष्फळ ठरतो. तो पहिल्या वाक्यातील कर्त्याला उद्देशून असतो. समोरची व्यक्ती दुसऱ्या वाक्यात पोहोचलेली असते.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २
‘मी जेवत नाही’ आणि ‘मला जेवण जात नाही’ यांसारख्या आणखी तीन वाक्यजोड्या लिहून त्यांतील कर्त्याचे स्थान सांगा.

३.८ ओळख आणि उपाय

पुढील खुणा एकत्र दिसल्यास दुर्लक्ष करू नये : थोड्या काळात वजनात मोठी घट, सलग तीन महिने पाळी न येणे, वारंवार घेरी येणे, हाडांना पुन्हापुन्हा बारीक तडे जाणे, जेवणानंतर लगेच मोरीत किंवा न्हाणीघरात जाणे, दातांवरचे आवरण झिजणे, चारचौघांत जेवण टाळणे, सराव संपल्यावरही लपून व्यायाम करणे. वजन ‘सर्वसाधारण’ असलेल्या व्यक्तीलाही बुलिमिया असू शकतो. वारंवारच्या उलट्यांमुळे शरीरातील पोटॅशियम घटून हृदयाची लय बिघडू शकते. म्हणून केवळ दिसण्यावरून निष्कर्ष काढू नये.

प्रशिक्षकाच्या हाती पुष्कळ गोष्टी असतात. सर्वांसमोर वजन करू नये आणि ते आकडे मोठ्याने वाचू नयेत. जागा देताना तोल, ताठपणा आणि सूचना पाळण्याची तयारी यांना प्राधान्य द्यावे. जागा अधूनमधून बदलाव्यात, म्हणजे कोणतीही जागा कोणाची कायमची ओळख बनत नाही. उपाशीपोटी सराव घेऊ नये. एक्क्याने खाली यायची वेळ आली की ती पदोन्नती वाटावी, अशी रीत पथकात असावी. नव्या मुलांना शिकवण्याचे काम त्याच्याकडे द्यावे.

आजाराची शंका आल्यास व्यक्तीला एकांतात, तिच्या शरीराविषयी शेरा न मारता विचारावे. उपचारांत वैद्यकीय तपासणी, आहारतज्ज्ञाचे मार्गदर्शन आणि मानसोपचार या तिन्हींची गरज असते. किशोरवयीनांच्या बाबतीत कुटुंबाला सहभागी करून घेणारी उपचारपद्धती उपयुक्त ठरली आहे. दीर्घकाळ उपाशी राहिलेल्यांना एकदम भरपूर खाऊ घालणे धोक्याचे असते. त्याने रक्तातील क्षारांचे संतुलन बिघडू शकते. म्हणून हे काम डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावे. केंद्र शासनाच्या ‘टेली मानस’ या सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मानसिक आरोग्याविषयी विनामूल्य सल्ला मिळतो.

४. सारांश

मनोरा रचणाऱ्या खेळांत शरीराच्या आकारमानावरून जागा ठरते आणि जागेला प्रतिष्ठा असल्यामुळे वजनावर दबाव येतो. हा दबाव आहारविकाराला पोषक ठरू शकतो, विशेषतः शरीर वाढत असलेल्या किशोरवयात. उपाशी शरीर हलके झाले तरी स्थिर राहत नाही, त्यामुळे धोका साऱ्या मनोऱ्याला पोहोचतो. व्रत, दारिद्र्य आणि आजार यांतील न खाणे वेगवेगळे ओळखता आले पाहिजे आणि त्यासाठी भाषेची जाण उपयोगी पडते. गोपाळकाल्यात हंडी फुटल्यावर दही, पोहे आणि लाह्यांचा काला सर्वांनी वाटून खायचा असतो. पायातल्याने आणि शेंड्यावरच्यानेही. खेळाचे नियम ठरवताना उत्सवाचा हा मूळ अर्थ विसरून चालणार नाही.

५. पारिभाषिक शब्द

आहारविकार : खाणे व शरीराकृती यांविषयीच्या विचारांनी खाण्याची रीत बिघडवणारा मानसिक आजार.
ऊर्जा-न्यूनता : सरावाचा खर्च वजा जाता शरीराच्या इतर कामांना ऊर्जा अपुरी पडणे.
एक्का : दहीहंडीच्या मनोऱ्यात सर्वांत वर चढणारी एकटी व्यक्ती.
पारणे : उपवास सोडण्याचा विधी.

६. सरावासाठी स्वाध्याय

१. ‘भूक एकाची, पडणे सर्वांचे’ या विधानाचे सोदाहरण स्पष्टीकरण करा.
२. दहीहंडीतील वयाच्या अटीचे लाभ सांगून तिच्यामुळे उपस्थित होणाऱ्या नव्या प्रश्नाची चर्चा करा.
३. क्षेत्रीय कार्य : आपल्या परिसरातील व्यायामशाळेला किंवा गोविंदा पथकाला भेट द्या. जागा ठरवताना आणि बदलताना वापरले जाणारे शब्द नोंदवा. त्यांपैकी कोणते शब्द कौशल्याविषयी आहेत आणि कोणते शरीराविषयी, याचे वर्गीकरण करून दोन पानी टिपण लिहा. टिपणात कोणाचेही नाव किंवा वजन नोंदवू नका.